हिरव्या पडद्यातलं भोक

मी बोलतोय, पण आवाजाच्या दिशेनं पाहू नका. तुम्ही मला कितीदा तरी पाहिलंय आणि एकदाही पाहिलेलं नाही. गाण्याच्या व्हिडिओत नायिका ढगांवरून चालते ना, तेव्हा ती माझ्यावरून चालत असते. नायकाच्या पाठीमागे समुद्र उसळतो, तिथे खरं तर मी टांगलेला असतो, इस्त्री करून, चिमटे लावून, श्वास रोखून.

मी हिरवा पडदा. सेटवर मला क्रोमा म्हणतात.

एका कापडगिरणीत माझा जन्म झाला. माझ्याच ताग्यातले भाऊ कुणाच्या खिडकीत गेले, कुणाच्या टेबलावर. त्यांच्यावर चहा सांडला, मुलांनी हात पुसले. माझ्या नशिबी वेगळंच होतं. रंगाऱ्यानं मला असा हिरवा रंग दिला, की जो माणसाच्या कातडीत, केसांत, ओठांत कुठेच सापडत नाही. त्यामुळे संगणकाला नुसतं सांगायचं, 'हिरवं दिसेल तेवढं पूस', की मी जातो आणि माझ्या जागी हवं ते चित्र येतं. इतर कापडं चांगली असली की लोक बघत राहतात. मी चांगला असलो की मुळी दिसतच नाही.

मला मोठ्या काकांनी आणलं. एका जुन्या गोदामात त्यांचा स्टुडिओ होता. ते दिग्दर्शक, त्यामुळे सगळ्या सेटचेच काका. त्यांची आवड म्हणजे गोष्टीचा व्हिडिओ. गाण्यात विरह असला की स्टेशनवर कुणीतरी वाट बघणार, गाडी सुटणार, आणि अधूनमधून गायिका खिडकीशी उभी राहून गाणार. "आमच्या काळी खरे डोंगर चढायचो," असं ते खुर्चीत बसून सांगायचे आणि दुसऱ्यांना शिडीवर चढवायचे. वडीलधाऱ्यांचे डोंगर नेहमी त्यांच्या काळातच असतात. आता फक्त चढण उरलेली असते, ती लहानांसाठी.

पण माझ्यासमोर सगळ्याच तऱ्हा झाल्या. वाजवणारी पोरं यायची. गाणं स्पीकरमधून चालायचं, ढोलावर आवाज होऊ नये म्हणून फडकं टाकलेलं, गिटारची वायर कुठेच जोडलेली नाही, आणि तरी पोरं खऱ्यासारखी घामाघूम. नाचाच्या व्हिडिओत एक मुलगी दिवसभर एकच गिरकी घ्यायची आणि ठेक्याठेक्यावर कापून जोडली की पाच शहरांत गिरक्या घेताना दिसायची. कुणी अख्खं गाणं एका दमात, न कापता टिपायचं. तेव्हा शिंक आलेला माणूस साक्षात खलनायक ठरायचा.

एक गायिका तर गाणं उलटं पाठ करून आली होती. उलटे शब्द, उलटी पावलं. मग फीत उलटी फिरवली की शब्द सरळ, पण फुटलेला कप उडून तिच्या हातात जुळायचा. "पाय मागे, तोंड पुढे! हे गाणं आहे की हडळ?" काका ओरडले. ती हसली. पण मॉनिटरवर ते हसू ओठांवरून हळूहळू आत जाताना दिसलं, आणि काका गप्प झाले.

माझे काही नियम आहेत. हिरवं काही घालून यायचं नाही. एकदा एकीच्या कानात हिरवे खडे होते. मॉनिटरवर तिच्या कानांना भोकं पडली आणि त्यातून मागचा समुद्र दिसायला लागला. ती घरी जाईपर्यंत कान चाचपत होती. दुसरं म्हणजे, माझ्याजवळ फार उभं राहायचं नाही. माझी झाक माणसाच्या हनुवटीखाली चढते. पुसली तरी जात नाही, कारण ती चेहऱ्यावर नसतेच, माझ्यावरून परतलेल्या उजेडात असते. तेव्हा मला माझीच भीती वाटते.

मग पिल्लू आली.

काकांचा धाकटा भाऊ संगीतकार, त्याची बायको गायिका. ती आदल्या वर्षी गेली. पिल्लू त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेज संपवलेली, तोंडानं फटकळ, तरी घरात अजून पिल्लूच. आई गेली तेव्हा तिचं शेवटचं गाणं अर्धवट राहिलं होतं. शेवटचं कडवं पिल्लूनं गायलं. आवाज इतका आईसारखा, की सांधा कुठे आहे ते बापालाही ओळखू येईना. मग थोरल्यांनी ठरवून टाकलं, सांगायचंच नाही. गाणं पूर्ण आईचं म्हणून जाईल. आणि पिल्लू आईची जांभळी शाल पांघरून, आईचा चष्मा लावून माझ्यासमोर बसेल. मागे आईच्या खोलीचं चित्र येईल. ती खोली आता नाही, फोटो आहे.

"तू फक्त ओठ हलव," काका म्हणाले. "बाकी आम्ही बघतो."

"शेवटचं कडवं माझं आहे, काका. तिथे तरी मी म्हणून दिसू दे."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

"आईपेक्षा मोठी झालीस का गं?"

"नाही. पण मेलेली पण नाहीये."

तिचे बाबा हळूच म्हणाले, "पिल्लू, नको ना वाद. लोकांना तिला एकदा बघू दे." आणि मग, आणखी हळू, "मलाही."

तिनं शाल ओढून घेतली. बसली.

काकांना ते स्वप्नासारखं हवं होतं. त्याची एक युक्ती असते. गाणं दुप्पट वेगानं लावायचं, तेवढ्याच घाईनं ओठ हलवायचे आणि नंतर चित्र निम्म्या वेगानं चालवायचं. मग ओठ गाण्याशी बरोबर जुळतात, पण केस, पापण्या, शालीचं टोक, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. स्पीकरमधून आईचा आवाज दुप्पट वेगानं आला. बारीक, धापा टाकणारा, एखादं लहान मूल पळत पळत काहीतरी सांगतंय तसा. बाबांनी कानांवर हात ठेवले.

मग संथ केलेलं चित्र मॉनिटरवर आलं. आईची खोली. आईची खुर्ची. पापणी मिटली, आणि उघडायला इतका वेळ लागला, की ती दुसऱ्याच कुणाची असावी.

बाबा उठले. त्यांनी काचेवर, गालाच्या जागी, बोटं टेकली.

"आलीस?" ते म्हणाले.

"बाबा," पिल्लू खुर्चीतून म्हणाली, "मी इकडे आहे."

त्यांनी मान वळवली नाही.

जेवायची सुट्टी झाली तेव्हा पिल्लू तिथेच राहिली. तिची मैत्रीण एडिटर होती, संगणकावर चित्रं जोडणारी. पिल्लूनं तिच्याकडे कात्री मागितली आणि माझा जमिनीवर लोळणारा भाग उचलला.

"अगं ए, काका जीव घेतील."

"घेऊ देत. पुसलंच आहे ना मला? मग नीट पुसू."

कात्री थंड होती. दुखलं की नाही ते मला सांगता येत नाही. कापडाला दुखणं शिकवलेलं नसतं. तिनं कडा सोडून मधूनच माझा मोठा तुकडा कापला आणि डोक्यापासून पायापर्यंत पांघरला. खांद्यांवर शाल, आणि डोळ्यांच्या जागी चष्मा. आयुष्यभर मी माणसांच्या मागे होतो. पहिल्यांदाच कुणाच्या अंगावर होतो.

"हे काय सोंग!" काका परतल्या परतल्या कडाडले. "घरचं कापड फाडलंस?"

"काका, एकदा मॉनिटर बघा तरी," मैत्रीण म्हणाली.

मॉनिटरवर आईची खोली होती. खुर्चीत शाल बसली होती. खांदे होते, मान नव्हती. त्याच्या वर, हवेत, चष्मा. गाणं सुरू झालं तसा चष्मा हळूच डोलू लागला. शालीच्या आत कुणी नव्हतं आणि आवाज मात्र तिथूनच येत होता. कॅमेरावाल्यानं नजर काढून घेतली. काका बोलायचे थांबले, आणि हे मी त्या गोदामात दुसऱ्यांदा पाहिलं.

आता एक सांगतो. पिल्लूनं ओठ घट्ट मिटले होते. मी तिच्या ओठांवरच होतो, मला माहीत आहे. तरी माझ्या विणीतून गरम श्वास बाहेर येत होता, शब्दाशब्दाला तुटत, गाण्याबरोबर.

शेवटचं कडवं आलं. मैत्रिणीनं स्पीकर साध्या वेगावर आणला. पिल्लूनं चष्मा काढून खुर्चीवर ठेवला, मला डोक्यावरून आणि शालीला खांद्यांवरून मागे सारलं आणि उठली. मॉनिटरवर हवेतूनच यावेत तसे आधी केस आले, मग कपाळ, मग घामानं चिकटलेला, रागावलेला, तिचा चेहरा. ती नुसते ओठ हलवत नव्हती. मोठ्यानं गात होती.

"कट!" काका ओरडले. "ही आई नाही दिसत!"

"नाहीच आहे," पिल्लू दोन ओळींच्या मधे म्हणाली, आणि पुढची ओळ चुकली नाही.

कॅमेरावाल्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा मॉनिटरसमोर उभे होते, पुन्हा काचेवर बोटं टेकून. मग त्यांनी काचेवरचा हात काढला आणि मान पिल्लूकडे वळवली.

"गा, बाळ," ते म्हणाले. "तुझंच आहे."

व्हिडिओच्या शेवटी गाणाऱ्यांची दोन नावं येतात, आईचं आणि पिल्लूचं. काकांनी ती मान्य केली, आणि हल्ली सगळ्यांना सांगतात की रिकाम्या शालीची कल्पना त्यांचीच. सांगू देत. त्यांचा तोही एक डोंगर.

फक्त एक गोष्ट कुणी बोलत नाही. पिल्लू पुढे येऊन गात असते, तेव्हा तिच्या मागे खुर्चीत शाल पडायला हवी. ती पडत नाही. थोडा वेळ तशीच खांद्यावर असल्यासारखी उभी राहते, ऐकत असल्यासारखी, आणि कडवं संपल्यावरच खाली बसते. मैत्रिणीनं ते कापलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "कापड ताठ होतं."

शालीखालचं ते कापड मी आहे. मी मऊ सुती आहे हो. आपला आपण उभा राहू शकत नाही.

आता स्टुडिओत उजेडाची भिंत आलीय, ती स्वतःच डोंगर होते, समुद्र होते. मला माळ्यावर टाकलंय. कापलेला तुकडा माझ्याच घडीत आहे. काका अधूनमधून म्हणतात, "तो क्रोमा शिवून घ्या रे, कामाला येईल."

मला शिवू नका. कुणी कधी मला झटकायला उघडतं, तेव्हा त्या भोकातून खरी भिंत दिसते, खरा उजेड, जाणारा-येणारा माणूस. संगणकाला न सांगता माझ्यातून दिसणारं तेवढं एकच काहीतरी आहे. ते मला राहू द्या.

आणि तो तुकडा उचललात, तर जरा जपून. ओठांच्या जागी तो अजून कोमट आहे.