कावेरीची शिक्षा

शालनने दोन्ही हातांनी गज धरून असा हिसका दिला की अख्खा तुरुंगच पुढे कलला. कळकाच्या काठ्यांना काळा रंग फासून उभी केलेली ती भिंत जेलरच्या, म्हणजे शारदाबाईंच्या, खांद्यावर येऊन पडली आणि आतल्या साऱ्या कैदिणी मोकळ्या झाल्या.

“अय्यो, पळा गं आता!” तानूबाई ओरडली, आणि सगळ्याजणी पोट धरून खाली बसल्या.

कानडी मुलखातल्या बसवनगुडीत महिला समाजाच्या त्या लांबट खोलीत दर शनिवारी दुपारी तालीम असे. नाटक सुनंदाबाईंनी लिहिलं होतं. त्या शाळेत इतिहास शिकवत. अख्खं नाटक एकदम पाठ करायला घरच्या कामातून कुणालाच सवड नव्हती, म्हणून त्यांनी ते तुकड्यांत करायचं ठरवलं. महिन्याला एक भाग. गोष्ट बायकांच्या तुरुंगाची होती. तुरुंगच का, असं कुणी विचारलं की सुनंदाबाई म्हणत, “बायकाच बायका असतील अशी दुसरी जागा मला सुचली नाही बाई.”

एकसष्ट सालच्या श्रावणात पहिला भाग झाला, आणि चिकपेटेतल्या कापडदुकानदाराची सून शालन एका दुपारीत सगळ्यांना ठाऊक झाली. एरवी ती घरात इतकं हळू बोले की नवऱ्याला दोनदा विचारावं लागे. पण नाटकातली कावेरी, मालकिणीच्या बांगड्या चोरल्याच्या खोट्या आळापायी आत आलेली, तिच्या तोंडून बोलू लागली तेव्हा मागच्या रांगेतली रडणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

नवरा व्यंकटेश खूश होता. कैदिणींच्या साड्यांसाठी त्यानेच दुकानातलं मांजरपाट दिलं. अट घातली होती ती सासूबाईंनी.

“ती कावेरी सुटली की तूही सुटलीस,” विठाबाई म्हणाल्या होत्या. “मग शनिवारी घरी. तोवर मी येऊन बसणार, सांगून ठेवते.”

आणि त्या खरंच येऊन बसत. प्रत्येक भागाला, पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून.

त्या दिवशी भिंत पुन्हा उभी करून झाल्यावर सुनंदाबाईंनी चौथा भाग वाचून दाखवला. खरी चोर सापडते. कावेरी निर्दोष ठरते. फाटक उघडतं, ती बाहेर जाते, पडदा. ऐकताना तानूबाईने डोळ्यांना पदर लावला. वाचन संपलं तेव्हा शालन मात्र साडीच्या काठाचा एक दोरा ओढत बसली होती.

बाकीच्या कॉफीकडे वळल्या. ती सुनंदाबाईंजवळ गेली.

“अक्का, तिला एवढ्यात सोडायलाच हवं का?”

“निर्दोष आहे गं ती.”

“निर्दोष बायका राहत नाहीत का आत?” शालन म्हणाली. मग आवाज खाली आणून, “स्वल्प शिक्षा वाढवा. कावेरी सुटली की माझं येणं बंद.”

सुनंदाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“सरी, वाढवू,” त्या म्हणाल्या. “पण काही केल्याशिवाय वाढत नाही. आतच गुन्हा करावा लागेल.”

हे शब्द कॉफीपर्यंत पोचले आणि पेले घेऊन सगळ्याजणी परत आल्या. गुन्हा कुठला, यावर मोठाच खल झाला. कुणी म्हणालं, कोठीतला गूळ चोरू दे. चोरीच्या आळातून सुटलेली बाई चोरी कशी करेल, म्हणून ते बारगळलं. तानूबाई म्हणाली, सरळ खून कर.

“म्हणजे फाशी,” सुनंदाबाई म्हणाल्या. “मग तर कामच संपलं.”

तेव्हा कोपऱ्यातून शारदाबाई बोलल्या. त्या जेलर झाल्या होत्या ते केवळ उंचीमुळे. एरवी स्वभाव इतका मऊ की कैदिणींना दरडावून झालं की त्या हळूच माफी मागत.

“माझ्या अंगावर जेवणातलं सारू ओता,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांसमोर. आमच्या घरी मला आजवर कुणी उलटून बोललंसुद्धा नाही. एकदा कळू दे काय वाटतं ते.”

चौथ्या भागाला खोली भरून लोक व्हरांड्यात उभे राहिले. विठाबाई ठेवणीतली इरकल नेसून आल्या होत्या. आज कावेरी सुटणार हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. शारदाबाईंनी सुटकेचा हुकूम वाचला. फाटक उघडलं. कैदिणी रांगेत उभ्या होत्या आणि मधे सारूची पितळी, त्यात आमटी म्हणून हळदीचं पाणी.

शालनने पितळी उचलली आणि तिला समोर सासू दिसली. ताठ बसलेली. व्हरांड्यातून कुणीतरी म्हणालं, “ये बाई, ये बाहेर!” चार पावलं टाकली असती तर सगळं ठरल्यासारखं झालं असतं. पितळी जराशी कलली, पाणी काठावर आलं. रांगेतून तानूबाईने घसा खाकरला.

शालनने मान वर केली. सुनंदाबाईंनी लिहिलेलं वाक्य तिला आठवेना. तिने दुसरंच म्हटलं.

“गुन्हा न करता आत ठेवलंत ना मला? आता करते. बघा!”

आणि पितळी शारदाबाईंच्या डोक्यावर रिकामी झाली. अशा टाळ्या पडल्या की व्हरांड्यातले लोक खिडकीवर चढले. पिवळ्या धारांतून शारदाबाई इतक्या आनंदाने बघत होत्या की “घेऊन जा हिला!” हे सांगायचंच त्या विसरल्या. कैदिणींनी कावेरीला स्वतःच उचलून आत नेलं.

पहिल्या रांगेत विठाबाईंनी पदराने तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते. रागाने की कशाने, शालनला पडद्याच्या फटीतून कळलं नाही.

घरी जाताना घोड्याच्या जटक्यात दोघी समोरासमोर बसल्या. व्यंकटेश पुढे गाडीवाल्याशी नाटकाबद्दलच बोलत होता. विठाबाई रस्त्याकडे बघत राहिल्या.

दिवेलागणीला ती पोळ्या लाटत होती. विठाबाई येऊन पाटावर बसल्या.

“किती वाढली कावेरीची?”

शालनचं लाटणं थांबलं. “सहा महिने म्हणतात आत्याबाई.”

“सहाच? सरकारी बाईच्या डोक्यावर सारू ओतलं, आणि सहाच महिने?” विठाबाईंना ते मुळीच पटलं नाही. “दोन वर्षं तरी पाहिजेत. सांग तुझ्या सुनंदाबाईंना.”

“सांगते,” शालन म्हणाली. तिने भराभर एक पोळी लाटली. ती वाकडी झाली.

विठाबाईंनी ती वाकडी पोळी उचलून तव्यावर टाकली. जरा वेळाने, तव्याकडेच बघत, त्यांनी विचारलं,

“काय गं, त्या तुरुंगात म्हाताऱ्या बायका नसतात का?”

शालनने त्यांच्याकडे पाहिलं.

“असतात ना,” ती म्हणाली. “पण गुन्हा करावा लागतो.”

विठाबाईंनी पोळी उलटली, कडा दाबल्या, आणि थोडा विचार केला.

“करू की,” त्या म्हणाल्या.