चौदाशे शून्यं

कमी वस्तूंतही चांगलं जगता येतं, हे सरकारला आकड्यांनिशी पटवून देणं हे त्या संस्थेचं काम. तिथली आकडेवाली मात्र दोन महिने तोंड पाडून बसली होती. चार वस्त्यांत दुरुस्ती केंद्रं उघडून तीन वर्षं झाली, आणि तिचा तक्ता सांगत होता की लोकांची नवी खरेदी तसूभरही घटलेली नाही. दुपारी सरकारची समिती बसणार होती. केंद्रं बंद करण्याचा ठराव तयारच होता.

सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "तुमच्या खरेदीच्या पाहणीचा माझा फॉर्म पोचला का गं? वर्षभरात नवीन काही घेतलं नाही, म्हणून शून्य लिहिलं मी. बिघडलं की केंद्रातून नीट करून आणते."

ऑफिसात येऊन तिने आईचं घर शोधलं. यादीत होतं, हिशेबात नव्हतं. कोरा रकाना आणि शून्य, दोन्हींना 'उत्तर नाही' समजून बाजूला काढायचं, हा नियम तिनेच घातला होता. शून्य लिहून असं बाहेर पडलेली चौदाशे घरं निघाली. ज्या माणसांना शोधायला संस्था काढली, त्यांनाच हिने दाराबाहेर उभं केलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

शून्यं परत हिशेबात घेतली, केंद्र नसलेल्या वस्त्यांतलीसुद्धा, आणि तक्ता पालटला. केंद्रांच्या वस्त्यांत नवी खरेदी एक तृतीयांशाने कमी होती. ती खुर्चीतून उठून एकटीच हसली.

तिने संस्थेच्या संचालकांना नवा तक्ता दाखवला, पण ते हसले नाहीत. "आज गप्प बस. चूक कबूल केलीस तर उद्या आपल्या एकाही आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"आणि गप्प बसले तर केंद्रं जातील, सर. माझ्या चुकीमुळे."

तिने दोन्ही तक्ते छापून घेतले. संचालकांनी अडवलं नाही, एवढं तिला पुरलं.

समितीसमोर तिने जुना तक्ता आणि नवा तक्ता शेजारी शेजारी ठेवला. "चूक माझी आहे," ती म्हणाली. अध्यक्षबाई खमक्या. त्यांनी तिने आणलेल्या गठ्ठ्यातून हाताला येतील ते फॉर्म ओढले आणि अर्धा तास एकेक ताडून पाहिला. शून्य तिथे शून्यच होतं, स्वच्छ अक्षरात.

मग मतं घेतली. अकरांपैकी नऊ हात वर गेले. केंद्रं राहणार होती, आणि आणखी आठ वस्त्यांत नवी उघडणार होती. आकडेवालीला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

"इतकी बारीक चूक ऐन वेळी पकडलीत," अध्यक्षबाई संचालकांना म्हणाल्या. "तुमच्या संस्थेची शिस्त दिसते."

संचालक उभे राहिले. "शिस्त कसली? हिने पकडली. मी तर सकाळी हिला गप्प बसायला सांगत होतो."