पान एकेचाळीस

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि त्यावर पुस्तक लिहिलं, तेही कुठल्यातरी जुनाट फॉन्टमध्ये. डीटीपीवाल्या बाईंनी फाइल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं सांडलेली. माझं डोकंच फिरलं. बाईंनी मात्र खटपट करून फॉन्ट बदलला आणि मजकूर वाचता येऊ लागला. फक्त पान एकेचाळीस निम्मं कोरं होतं.

"इथलं काही गळलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही. मोकळंच असू द्या," बाबा घाईघाईने म्हणाले.

बाबा कागदाचा कपटाही वाया घालवत नाहीत, मग अर्धं पान कसं सोडलं? मला चैन पडेना.

"सगळ्या फाइलला एकच रंग द्या. काळा," मी म्हटलं.

बाईंनी दिला, आणि कोऱ्या जागेत अक्षरं उमटली. बाबांनी ती पांढऱ्या रंगात दडवली होती. पुसायला हात धजला नसावा.

'आमचं भिंतीवरचं घड्याळ कधीच बिघडलं नव्हतं. मुलगी मोठी झाली, बोलेनाशी झाली. पण घड्याळ उघडलं की टॉर्च धरायला शेजारी येऊन बसायची. म्हणून दर रविवारी मीच एक स्क्रू ढिला करायचो.'

त्या घड्याळाला नावं ठेवत शेवटी मीच ते भंगारात दिलं होतं.

"परत पांढरं करू?" बाईंनी हळूच विचारलं. बाबा चपलांकडे बघत होते.

"नको, काळंच राहू द्या," मी म्हटलं आणि बाबांकडे वळले. "बाबा, सध्या घरातलं कुठलं घड्याळ बिघडलंय?"