पाहुण्याला नावं ठेवत नाहीत

मिस्त्री सकाळी कारखान्यात शिरायचे तेव्हा आधी त्यांचा आवाज यायचा आणि मागून मिस्त्री. खुर्च्या-टेबलांचा लहानसा कारखाना. जेमतेम सहा-सात माणसं, पण आवाज साठ माणसांना पुरेल एवढा.

"हा खुर्चीचा पाय आहे? याला पाय म्हणायचं?" हे यंत्रावर लाकूड कातणाऱ्या कातारीबुवांना. "मावशी, पॉलिश केलंस की टेबलाला घाम आलाय? डोळे घरी ठेवून येतेस काय?" हे पॉलिशवाल्या मावशीला, जी त्यांच्याहून वयानं चांगली मोठी होती. कुणाची अक्कल निघायची, कुणाचा जन्म फुकट जायचा. रोज सगळ्यांची बिनपाण्यानं व्हायची, आणि ज्यांची व्हायची ते खाली मान घालून गालातल्या गालात हसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

मग मिस्त्री गाद्या भरायला नव्यानं आलेल्या धाकटीच्या टेबलापाशी यायचे. तिथे आल्यावर या माणसाला काय व्हायचं कोण जाणे! आवाज खाली, हात पाठीमागे. तिनं भरलेल्या गादीवरून ते एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "छान, बाई. फारच छान झालंय." की निघाले पुढे.

पहिल्या आठवड्यात धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढणारच की! थोरली बहीण लग्न होऊन गेली, वडील गेले, आता घरात ही आणि आई. वडिलांच्या हाताखाली ज्या दुकानात ती गाद्या भरायला शिकली ते मालकाच्या मुलांनी बंद केलं, आणि तिला हा कारखाना गाठावा लागला. तोही नदीच्या अलीकडचा.

हे अलीकडे-पलीकडे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. गाव एकच, मध्ये नदी. अलीकडे सगळे सुतार, पलीकडे सगळे गादीवाले. पिढ्यान् पिढ्या इकडच्या खुर्च्या पूल ओलांडून तिकडे जायच्या, गादी लेवून परत यायच्या. माणसं मात्र आपापल्या काठाला. पलीकडचे म्हणायचे, अलीकडचे लोक तोंडफाटके, सख्ख्या आईशीही भांडल्यासारखे बोलतात. अलीकडचे म्हणायचे, पलीकडचे गुळगुळीत, पोटात एक ओठात एक. दोघांचंही आपापल्या जागी समाधान होतं. धाकटी ही या कारखान्यात कामाला आलेली पलीकडची पहिलीच.

"थंडी संपेपर्यंत बघू," मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले होते. "मग ठरवू ठेवायचं की कसं."

आईनं निघताना बजावलं होतं, "उलट बोलू नकोस. कुणाचं काही चुकलं तर सांभाळून घे. आपल्या लोकांचं नाव घालवू नकोस." सांभाळून घेणं ही तर पलीकडच्यांची खासियत. सुताराची चौकट जरा बसकी असली तर तिथे काथ्या जास्त भरायचा, कड वेडीवाकडी असली तर कापडाची दुमड त्यावर आणायची. चांगला गादीवाला तो, ज्याच्या हाताखालून गेलेल्या खुर्चीत सुताराची चूक दिसत नाही. चूक तोंडावर सांगायची म्हणजे सुताराचा पाणउतारा. शी! असं कोण करतं?

तर धाकटी सांभाळून घेत होती आणि मिस्त्री कौतुक करत होते. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं.

फक्त एक गोष्ट तिला खटकायची. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर लाकडी खुंट्या होत्या. प्रत्येकानं आपली आपण घडवलेली. कातारीबुवांची गोलमटोल, मावशीची चकचकीत. एप्रन आपापल्या खुंटीला. धाकटी आपलं एप्रन खिडकीच्या कडीला अडकवायची. कुणी काही म्हणालं नव्हतं. तेच तर! कुणी तिला कधी काहीच म्हणालं नव्हतं.

एक दिवस दुपारच्या चहाला तिनं मावशीला विचारलं, "मावशी, मिस्त्री तुम्हाला इतकं बोलतात. वाईट नाही वाटत?"

"मला? अगं, ज्या दिवशी ते बोलणार नाहीत ना, त्या दिवशी मी घरी जाऊन रडेन." मावशीनं चहा बशीत ओतला. "तुला काय म्हणतात?"

"मला छान म्हणतात."

"कधी?"

"रोज."

बशी तोंडापर्यंत गेली होती ती तिथेच थांबली. "रोज? डोळे फुटले का, हात मोडले का, असं एकदाही नाही?"

"नाही."

"अरे देवा," मावशी म्हणाली. घरात कुणाला काय दुखणं निघालंय हे ऐकल्यावर बायका म्हणतात ना, तसं म्हणाली. "त्याचं काय आहे पोरी, आमच्यात पाहुण्याला नावं ठेवत नाहीत. आपलं माणूस असलं तर जीव तोडून बोलायचं. परक्याला कशाला? तो काय, आज आहे उद्या नाही. मागे एक रंगारी आला होता. त्यालाही असंच छान-छान. खुशीत होता बिचारा. महिन्यानं हात जोडून निरोप दिला, तेव्हासुद्धा छान म्हणाले."

धाकटीनं अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला.

आता सांगा, करायचं काय माणसानं? मला शिव्या द्या म्हणून अर्ज करायचा? तिनं मनातल्या मनात मिस्त्रींना सोलून काढलं. एवढी मरमर करते मी आणि हा माणूस मला पाहुणी समजतो! दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम एका गादीची शिवण चांगली नागमोडी मारली आणि मिस्त्रींच्या नाकासमोर ठेवली. मिस्त्रींनी पाहिलं. भुवई वर गेली. गळ्याची घाटी खालीवर झाली. आलेलं सगळं त्यांनी तिच्या डोळ्यांदेखत गिळलं आणि म्हणाले, "छान."

संध्याकाळी ती शिवण तिनं उसवून पुन्हा घातली. घालताना रडू आलं. नोकरी जाईल हे तर होतंच, घर तिच्यावर चाललं होतं. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या सगळ्या आरडाओरड्यात आपल्याला जागा नाही, हे तिला फार लागलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम आलं. ग्रंथपालांची मोठी, हातांची खुर्ची खुद्द मिस्त्रींनी घडवली होती. कापड उभ्या पट्ट्यांचं. धाकटीनं काथ्या भरला, गोणपाट ताणलं, वर कापड अंथरलं आणि पाहते तर पट्ट्या पुढे सरळ आणि मागे तिरक्या. तिनं कापड पुन्हा लावलं. पुन्हा तिरक्या. कापडात खोट नव्हती. चौकटच वाकडी होती.

तिचे हात आपसूक कामाला लागले. डावीकडे जरा ओढ, मागे एक चुणी, चुणी पाठीच्या फळीखाली दडव. कुणाला पत्ता लागला नसता. खिळा ठोकायला तिनं हातोडी उचलली, आणि तशीच राहिली.

अशा किती चौकटी तिनं या हिवाळ्यात झाकल्या होत्या! ती त्यांचं झाकत होती, ते तिचं झाकत होते. दोघंही एकमेकांचा मान राखत होते, आणि हिवाळा संपत आला होता. तसंही जायचंच आहे, तिच्या मनात आलं, तर निदान खरं बोलून जाऊ.

"मिस्त्री," ती म्हणाली. "ही खुर्ची फार सुंदर झालीय."

"छान, छान," मिस्त्री लांबूनच म्हणाले.

"म्हणजे, कापडालाच जरा... पट्ट्या जरा..."

"तुमच्या हाताला काय तोड आहे, बाई."

झालं! धाकटीचा पारा चढला. हातोडी टेबलावर आपटून ती ओरडली, "खुर्ची वाकडी आहे! चौकट गुण्यात नाही! आंधळ्याला दिसेल!"

करवत थांबली. कातारीबुवांनी यंत्र बंद केलं. मावशीनं पॉलिशचं फडकं तोंडावर धरलं, हसू दाबायला की भीतीनं, ते कळलं नाही. मिस्त्री आले. त्यांनी काटकोनाचा गुण्या घेतला, या कोपऱ्याला लावला, त्या कोपऱ्याला लावला. मागच्या कोपऱ्यात सुरीचं पातं सरकेल एवढी फट.

"कोणत्या गाढवानं केली ही?" मिस्त्री गरजले.

"तुम्ही," धाकटी म्हणाली.

क्षणभर तिला वाटलं, आता हा माणूस हात जोडणार आणि छान म्हणणार. मिस्त्री लाल झाले. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"आणि हे आज सांगतेस? आज? अख्खा हिवाळा काय झोपा काढत होतीस? त्या डॉक्टरच्या सोफ्याचा हात बसका होता, काथ्या कोंबून वर केलास, मला काय दिसलं नाही? मला वाटलं, हिला लाकडातलं काही कळत नाही, बिचारी जमेल तसं करते! कळत होतं होय तुला सगळं? मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? आमच्या चुका झाकायला तुला ठेवलीय का? आणि तू स्वतःला काय समजतेस? तुझे कोपरे! अगं, कोपरा आहे की उंदरानं कुरतडलेली पोळी? प्रत्येक गादीचा डावा कोपरा ढिला. प्रत्येक! बघून बघून माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागलीय! आणि ती नागमोडी शिवण! ती पाहून मला त्या रात्री जेवण गेलं नाही!"

बोलले, बोलले, बोलले. पहिल्या दिवसापासूनची एकूण एक गादी त्यांच्या लक्षात होती. धाकटी ऐकत उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. या माणसानं माझं सगळं पाहिलं होतं, तिला वाटलं. एक टाका सोडला नव्हता.

"रडतेस काय?" मिस्त्री जरा दचकले.

"रडत नाही. तुम्ही बोला."

मावशीला आता हसू आवरेना. मिस्त्रींनी तिच्याकडे डोळे वटारले, मग खुर्ची उचलली आणि जाता जाता त्यांची नजर खिडकीकडे गेली. "आणि ते एप्रन! खिडकीला काय लटकवतेस रोज? उजेड अडतो सगळ्यांचा. त्या ढिगातलं लाकूड घे आणि खुंटी कर स्वतःची. नीट कर. वाकडी केलीस तर बघ!"

धाकटीनं खुंटी केली. वाकडीच झाली. त्यावरूनही ऐकून घेतलं.

संध्याकाळी पूल ओलांडताना तिला पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेच कळेना. घरी आल्या आल्या तिनं आईला सांगितलं, "आई, आज मला मिस्त्री फार बोलले!"

आईच्या हातातलं भांडं खाली आलं. "बोलले? तुला? काय म्हणून? नको जाऊस उद्यापासून. आपण दुसरं बघू."

"अगं, ठेवून घेतलं मला!" आणि तिनं मिस्त्रींचा आवाज काढून पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवलं. उंदीर, पोळी, नागमोडी शिवण, सगळं. आई आधी घाबरून ऐकत होती, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. कोपऱ्यांचं आलं तेव्हा मात्र हसायची थांबली.

"डावा कोपरा ना?" तिनं हळूच विचारलं.

"तुला कसं ठाऊक?"

आई एकेकाळी याच कामात होती. हात दुखायला लागले म्हणून सोडलं होतं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "तू तो लहानपणापासूनच तसा घालतेस. आधी वरून दुमडतेस. आधी बाजूनं दुमडायचं असतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं." आई म्हणाली. "तुझ्या वडिलांनाही दिसायचं. ते म्हणायचे, पोर हौसेनं करते, करू दे. दुकानातलं काम तू घरी आणायचीस ना, तू झोपलीस की ते त्यातले कोपरे उसवून नीट घालायचे."

वडिलांची बोटं धाकटीच्या डोळ्यांसमोर आली, दिव्याखाली दाभण ओवणारी. कुणी ओरडून माया करत होतं, कुणी उसवून. मग तिनं खाटेवरची जुनी उशी ओढली, कात्री घेतली आणि डावा कोपरा उसवला.

"दाखव."

"आता? दमून आलीस."

"आई, दाखव. आणि चुकलं तर बोल."

आई शेजारी येऊन बसली. धाकटीनं कापड हातात घेतलं, आणि इतक्या वर्षांची सवय, दुमडलं ते आधी वरूनच.

"तसं नाही गं, गाढवे!" आई म्हणाली.

म्हणाली आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. उभ्या जन्मात तिनं लेकीला असं कधी म्हटलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," धाकटी म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून पोट दुखेपर्यंत हसली. हसणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले, कापड सरळ केलं आणि यावेळी आधी बाजूनं दुमडलं.