राणीचा पुढचा ॲक्सल

गिअर ऑइलला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे मला सत्तरी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. आता आमच्या घरातल्या पडद्यांनाही तो येतो. जावयाने जीपचा पुढचा ॲक्सल उघडून आतलं ऑइल काढलं, ते स्वयंपाकघरातल्या परातीत. ते निघालं दुधाळ, करडं, वर साय धरल्यासारखं. आत पाणी शिरलं होतं. जावयाने परात जेवणाच्या टेबलावर ठेवून त्यात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं आणि त्याच हाताने पाव मोडला. मी माझी ताटली उचलून खिडकीपाशी गेलो.

जीपला तो 'राणी' म्हणतो. रविवारी तिला आंघोळ घालतो, मेण लावतो, मित्रांना फोटो पाठवतो. तिचा नट न् नट मूळचा आहे याचा त्याला कोण अभिमान. चालवते मात्र माझी लेक. ती जनावरांची डॉक्टर. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जायचं तर नदीच्या पात्रातून, धोंड्यांवरून जीप काढावी लागते.

वाद इतकाच होता, की आहे तोच ॲक्सल ठेवून त्याच्या नळीत चाकं फिरवणारे जाड दांडे, म्हणजे शाफ्ट, टाकायचे, की अख्खा ॲक्सलच बदलायचा.

"अख्खा बदल," लेक म्हणाली. "तेलाचं सील पुन्हा गळतंय. टायर आतल्या कडेने झिजलेत. अरे, ॲक्सलची नळीच वाकलीय."

"वाकलीबिकली काही नाही. शाफ्ट कमजोर आहेत. मी नवे आणलेत ना?"

नवे शाफ्ट जेवणाच्या टेबलावर होते, तेलकट कागदात, मिठाच्या डबीला टेकून.

"मोडक्या हातात सोन्याच्या बांगड्या," ती म्हणाली.

"आणि दुसऱ्या गाडीचे पाय लावले तर ती राणी राहील का?"

"पात्रात अडकले की मी तिला राणी म्हणत नाही. काय म्हणते ते बाबांसमोर नको."

मिस्त्रीला बोलावलं. लेकीला तो म्हणाला, "मॅडम, बदललेलाच बरा." ती आत गेली तशी जावयाला म्हणाला, "साहेब, शाफ्ट टाका, हत्ती ओढेल." मग तो आमच्या कुंडीत थुंकला आणि दोरीवरच्या माझ्या टॉवेलला हात पुसून गेला.

शेवटी ठरलं, की आधी ॲक्सलची नळी घासून स्वच्छ करायची, नीट बघायची, मग काय ते. लेकीला परवा पलीकडच्या वस्तीवर लसी द्यायला जायचं होतं, त्याआधी निकाल लागायला हवा होता.

"बाबा, तुम्ही जरा घासाल का? मला दवाखाना आहे."

मी तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन अंगणात जीपपाशी बसलो. चिखलाचे पापुद्रे निघाले, त्यांत किडे, जनावरांचे केस आणि बेडकाचं एक वाळलेलं पाऊल. दोनदा उठून तोंड धुऊन आलो. मग नळीच्या डाव्या अंगाला रंग सुटला आणि खालून गुलाबी भुकटी पडायला लागली. लोखंडाची भुकटी गुलाबी नसते, एवढं मलाही कळतं. अजून घासलं, तर एक बारीक रेघ दिसली. रेघेवर आत उरलेलं करडं ऑइल थेंबाथेंबाने जमत होतं. जोडाची शिवण असेल, म्हटलं. चष्मा बदलला. जीपचं पुस्तक काढून चित्र पाहिलं. चित्रात तिथे शिवण नव्हती. पण चित्र जुन्या मॉडेलचंही असू शकतं.

मी जावयाला हाक मारली. "अहो, इथे काहीतरी गुलाबी निघतंय. माझं चुकत असेल."

त्याने वाकून पाहिलं. त्याला नवल वाटलं नाही.

"ते होय! पुट्टी आहे. मीच भरली होती मागच्या उन्हाळ्यात. मित्रांबरोबर गेलो होतो तेव्हा आदळली एका धोंड्यावर. केसाएवढी भेग. हिला सांगितलं असतं तर तेव्हाच ॲक्सल बदल म्हणाली असती." तो हसला. "वर्षभर धरलं ना? परत भरू, वरून रंग मारू. तिला कशाला उगाच घोर?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्यातून तेल आत झिरपलं. वर्षभर हा माणूस रोज सकाळी फाटकाशी उभा राहून माझ्या लेकीला "जपून जा गं" म्हणत होता.

तो पुट्टीचा डबा घेऊन आला. मी घासतच होतो.

"बाबा, पुरे."

मी घासत राहिलो. भेग पूर्ण उघडी पडली, तसा तिच्यापुढे जमिनीवर फतकल मारून बसलो.

"सरका ना जरा."

"ती येईपर्यंत बसतो इथेच."

"अहो, लहान मुलासारखं काय हे?"

"असू दे," मी म्हणालो.

लेक आली. तिने भेगेवरून बोट फिरवलं, गुलाबी झालेलं बोट पाहिलं, मग त्याच्या हातातला डबा.

"कधी भरलीस?"

"अगं, मी सांगणारच होतो..."

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात. पण हे बघ, काही झालं का? बरं, तुझंच खरं. बदलू अख्खा ॲक्सल. झालं समाधान?"

"बदल, नाहीतर नको बदलूस. मी या जीपमध्ये बसणार नाही. परवा दवाखान्याच्या गाडीने जाईन. यापुढेही."

"एवढ्याशा भेगेवरून?"

ती वळली. अंगणातल्या नळाशी जाऊन हात धुऊ लागली. जावई तोंड पाडून उभा राहिला. मग मला वाटलं, त्याला लाज वाटत असावी. क्षणभर त्याची दयाही आली. तेवढ्यात त्याने फोन काढला.

"मिस्त्री, शाफ्टच टाकू या. हो, मॅडमचं काही नाही आता. नदीत जायचंच नाहीये ना. बारीक वेल्डिंग करा, मूळचीच नळी राहू दे." आणि फोन ठेवून तो चक्क शीळ घालायला लागला.

लेकीने ते ऐकलं. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तिने पुन्हा साबण घेतला.