कपाटातला भपका

बदलूचाचा माझ्या काचेवर हात टेकून म्हणाला, "देग गेली रे. परवा कापली, भंगारात." त्या सकाळपासून मी एकटा आहे.

मित्रांनो, मी कनौजचा एक जुना भपका आहे. तुमच्याकडे भपका म्हणजे दिखावा. आमच्याकडे भपका म्हणजे अत्तर धरणारे तांब्याचे भांडे, मोठ्या पोटाचे आणि लांब मानेचे. देगेत, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात, गुलाब उकळायचा. बांबूच्या नळीतून तिची वाफ माझ्यात यायची. मी पाण्याच्या हौदात बसून ती गार करायचो आणि माझ्या पोटातले चंदनाचे तेल तो वास धरून ठेवायचे. ती तापायची, मी गार राहायचो. चाळीस हंगाम आमचा एवढाच संसार होता.

आमचे जुने मालक लालाजी. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते माझ्यात तेल ओतायचे ते गिऱ्हाइकासमोर. मुलाला, विमलबाबूला, सांगायचे, "चोरी होते ती भपक्यात. म्हणून आधी भपका दाखव, मग बाटली."

लालाजी वारले. चंदन मिळेनासे झाले. विमलबाबूने दार लावून माझ्यात बिनवासाचे स्वस्त तेल ओतले.

देग चालवणारा कारागीर बदलूचाचा. तो म्हणाला, "बाबू, तेल बदललंत, समजू शकतो. दिवसच तसे आलेत. पण मग बाटलीच्या चिठ्ठीवर तसं लिहा."

"चिठ्ठी वाचतं कोण, चाचा? आणि तुमचं नाक आता म्हातारं झालं."

"म्हातारं झालंय, मेलेलं नाही."

बाटलीवरच्या चिठ्ठीवर चंदनच राहिले. असे तीन हंगाम गेले. मग नवी भांडी आली. विमलबाबू दर मंगळवारी एका संस्थेत 'व्यापारातील सचोटी' शिकवतात. मला आतून न धुताच उचलले आणि त्या वर्गातल्या काचेच्या कपाटात कुलूपबंद केले. देग मोठी, ती कपाटात मावली नाही. ती कारखान्याच्या अंगणात पडून राहिली.

एका मंगळवारी विमलबाबूने चाचालाही वर्गात आणले. नव्या भांड्यांवर त्याला ठेवायचे की नाही, हे अजून ठरायचे होते.

निगार नावाच्या मुलीने विचारले, "सर, यात कुठलं तेल घालत होतात?"

"चंदनाचं. वडिलांपासून तेच. विचार चाचांना."

चाचा कपाटापाशी गेला. मग म्हणाला, "मला कशाला विचारतेस, बिटिया? भपका समोर आहे. कपाट उघडायला सांग, आत बोट फिरव आणि नाकाला लाव."

मुले हसली. विमलबाबूही हसले. "किल्ली घरी राहिली. पुढच्या मंगळवारी उघडू."

दुसऱ्याच दिवशी चाचाला घरी बसवले. त्याच दिवशी देग कापली. मला सांगायला तेवढा तोच आला.

मला बोलता येत नाही. माझ्या पोटात तेल चिकटून आहे आणि त्यात चंदन नाही. दर मंगळवारी माझ्यासमोर सचोटीचे धडे होतात आणि मी काचेआड उभा असतो. मित्रांनो, ज्या वस्तूकडे बोट दाखवून तुम्हाला खरेपणा शिकवतात, ती वस्तू एकदा हातात मागून घ्या.

देग गेल्यापासून चार मंगळवार झाले. निगार प्रत्येक वेळी किल्ली मागते. चिठ्ठी बदललेली नाही. कपाट अजून कुणी उघडलेले नाही.