उसनं गेलेलं संग्रहालय

बेटावरच्या संग्रहालयाचे नाना कडक शिस्तीचे, पण ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. वस्तू गावानेच दिलेल्या. त्यामुळे एखादी लागली की गाव ती घेऊन जाई आणि काम झालं की घासूनपुसून परत आणून ठेवी. पहिल्यापासूनची ही रीत, त्यात नानांना काही वावगं वाटत नसे. वाटलं ते तपासणीच्या मॅडम दोन दिवस आधीच लाँचमधून उतरल्या तेव्हा.

वस्तू इथे नीट राहत नाहीत असं मॅडमनी लिहिलं, की सगळ्या उचलून समुद्रापलीकडच्या मोठ्या संग्रहालयात जाणार होत्या. नानांनी उभा जन्म त्या दोन खोल्यांत काढलेला.

वेळ काढायला त्यांनी मॅडमना आधी शेजारच्या बेटावरचा पडका किल्ला दाखवला, मग दीपगृह, मग पुन्हा किल्ला, मागच्या बाजूने.

“नाना, किल्ला पाठ झाला,” मॅडम म्हणाल्या. “आता संग्रहालय उघडा.”

कुलूप निघालं. कपाटं लखलखीत, चिठ्ठ्या सुवाच्य, वस्तूंचा मात्र पत्ता नाही. भिंतीवर नानांनी तपासणीसाठी मुद्दाम रंगवलेली भलीमोठी फळी: ‘वस्तूंना हात लावू नये.’

“कोणत्या वस्तूंना?” मॅडमनी विचारलं.

नानांनी मान खाली घातली. “हंडा लग्नघरी गेलाय. होडी मासेमारीला. घंटा शाळेत, त्यांची फुटली म्हणून.”

“आणि तो जुना पाळणा? त्याच्यासाठी तर मी आले.”

“त्यात बाळ आहे.”

पाळणा सुताराच्या घरी होता. सुताराच्या सुनेला सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी रिकाम्या हातांचं दिसलं. तिने मॅडमच्या हाती दोरी दिली. “मावशी, जरा झोका द्या, दोन घास खाऊन येते. थांबलात की उठेल हं!”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं नानांना झालं. मॅडम मात्र जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि झोका देऊ लागल्या. तेवढ्यात धक्क्यावरून लाँचचा भोंगा झाला.

“लाँचवाल्याला थांबवा,” मॅडम कुजबुजल्या. नाना या वयात धावत सुटले.

धापा टाकत परतले तर मॅडम पाळण्याच्या लाकडावरून बोट फिरवत होत्या, दुसऱ्या हातात दोरी तशीच.

“याला तेल कोण लावतं?”

“ज्यांच्या घरी जातो ते.”

“आमच्याकडे असाच एक आहे, काचेत. कीड लागलीय त्याला.” मॅडमनी बाळाकडे पाहिलं. “हा इथेच राहू दे, नाना. सगळंच राहू दे. फक्त ती फळी तेवढी काढा.”

नानांना इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही भान राहिलं नाही.

फळी त्यांनी त्याच संध्याकाळी उतरवली. सकाळी सुतार आला. त्याला कोंबड्यांच्या खुराड्याला दार हवं होतं. अक्षर काय सुंदर आलं होतं! पण नानांना नाही म्हणता आलं नाही.